धर्मोपदेशकाच्या वेशातला ठग: जॉनी कॅश पाहुणा कलाकार होतो तेव्हा

लोकप्रिय गायक मालिकेत पाहुणा म्हणून आला, की आपण काय धरून चालतो? एखादं गाणं म्हणेल, हसेल, टाळ्या घेईल आणि जाईल. आज आपण बोलणार आहोत ते उदाहरण मात्र वेगळं आहे.

‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ ही अमेरिकन मालिका एनबीसी वाहिनीवर 1974 ते 1983 या काळात चालली. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या पुस्तकांवर ती आधारलेली होती. एकोणिसाव्या शतकातलं मिनेसोटामधलं वॉलनट ग्रोव्ह हे छोटं गाव आणि तिथलं कष्टाळू इंगल्स कुटुंब ही तिची दुनिया.

अशा मालिकेची एक अडचण असते. माणसं तीच, गाव तेच. मग दर आठवड्याला नवी गोष्ट आणायची कुठून? त्यावरचा सोपा उपाय म्हणजे गावात कुणीतरी परका माणूस येतो. तो कायमच्या पात्रांची परीक्षा घेतो आणि भाग संपला की निघून जातो. पाहुण्या कलाकाराचं खरं काम हेच.

1976 साली, तिसऱ्या पर्वातल्या ‘द कलेक्शन’ या भागात हा परका माणूस झाला जॉनी कॅश. कंट्री संगीतातलं तेव्हाचं हे फार मोठं नाव. त्याची भूमिका मात्र गायकाची नव्हती. केलब हॉजकिस हा भामटा असतो. गावचे धर्मोपदेशक आजारी पडतात, तेव्हा केलब स्वतःच धर्मोपदेशक बनून गावात येतो. शेजारच्या गावातल्या आगग्रस्तांसाठी मदत गोळा करायची आणि ती घेऊन पोबारा करायचा, असा त्याचा बेत असतो. त्याच्या बायकोच्या, मॅटीच्या भूमिकेत होती कॅशची खरी पत्नी, गायिका जून कार्टर.

ही भूमिका कॅशलाच का शोभली? प्रेक्षकांना त्याच्या दोन्ही बाजू ठाऊक होत्या. 1968 साली त्याने कॅलिफोर्नियातल्या फोल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गाऊन त्याचा अल्बम काढला होता. त्याने स्वतः कधी मोठी शिक्षा भोगली नव्हती, तरी काळ्या कपड्यांतला हा माणूस गुन्हेगारांचं दुःख जाणणारा वाटे. गोळ्यांच्या व्यसनाने त्याला पोखरलं होतं, हेही लपलेलं नव्हतं. दुसरीकडे तो श्रद्धाळू ख्रिस्ती होता, भक्तिगीतं गायचा. 1973 साली त्याने येशूच्या जीवनावर ‘गॉस्पेल रोड’ हा चित्रपटही काढला होता.

म्हणजे केलबमधला पापी आणि उपदेशक, दोन्ही प्रेक्षकांच्या ओळखीचे. त्यात कॅशचा तो खर्जातला, संथ आवाज. त्या आवाजावर गावकरी विश्वास ठेवतात आणि पडद्यासमोर बसलेले आपणही नकळत ठेवतो. तो खोटं बोलतोय हे माहीत असूनसुद्धा!

बुवाबाजीच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. अशा गोष्टीत शेवटी बहुतेकदा बुवाचं बिंग फुटतं आणि फसलेले लोक भोळसट ठरतात. इथे गोष्ट दुसऱ्या वाटेने जाते. स्वतःच्या घरात फारसं काही नसताना लोक अनोळखी माणसांसाठी वस्तू आणून देतात. त्या देण्यानेच केलबचं मन पालटतं. गावकऱ्यांचा विश्वास हा मूर्खपणा ठरत नाही, तोच माणसाला सुधारतो. असा पालट एरवी खोटा वाटला असता. पण स्वतः घसरून सावरलेला माणूस समोर असल्यामुळे तो पटतो.

पुढे 1993 ते 1997 या काळात ‘डॉ. क्विन, मेडिसिन वुमन’ या तशाच जुन्या काळच्या मालिकेत कॅश चार भागांत दिसला. तिथे तो थकलेला बंदूकबाज किड कोल होता आणि जून कार्टर होती धर्मप्रचार करणारी सिस्टर रूथ. पुन्हा तेच: चुका केलेला माणूस आणि त्याला मिळालेली दुसरी संधी.

म्हणून पुढच्या वेळी मालिकेत एखादा गायक पाहुणा आला, तर तो गातो का, एवढंच बघू नका. त्याच्या आयुष्यातलं काय काय लेखकाने त्या भूमिकेत पेरलंय, तेही बघा.