वैद्यकीय शिक्षण, निरंतर

वैद्यकाची पदवी व व्यवसायाची नोंदणी प्राप्त झाल्यानंतर, प्रत्यक्ष व्यवसाय करीत असतानाच आपले ज्ञान, कौशल्य व निर्णयशक्ती अद्ययावत ठेवण्यासाठी वैद्याने आयुष्यभर चालू ठेवलेल्या पद्धतशीर अभ्यासास ‘निरंतर वैद्यकीय शिक्षण’ असे म्हणतात. पदव्युत्तर शिक्षणाहून ते भिन्न आहे. पदव्युत्तर शिक्षणाने एखाद्या शाखेत विशेषज्ञता मिळते. निरंतर शिक्षणाच्या अखेरीस मात्र नवी पदवी मिळत नाही, तर हाती असलेली पदवी सार्थ राहते. व्याख्याने, उजळणीवर्ग, परिसंवाद, रुग्णचर्चा, नियतकालिकांचे वाचन, मृत्यूंच्या कारणांचे परीक्षण व दूरशिक्षण यांचा त्यात समावेश होतो. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने प्राथमिक आरोग्यसेवेतील वैद्यांच्या निरंतर शिक्षणाचा विचार केला आहे.

आवश्यकता : महाविद्यालयात शिकलेल्या उपचारांपैकी काही कालांतराने अपुरे, तर काही अपायकारकही ठरतात. अतिसारावरील जलसंजीवनीच्या मूळ मिश्रणाची तर्षणता प्रतिलिटर ३११ मिलिऑस्मोल होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ती २४५ वर आणली आणि २००४ मध्ये त्याच्या जोडीला बालकांना १० ते १४ दिवस जस्त देण्याची शिफारस केली. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आठवड्यातून तीन वेळा दिली जाणारी औषधे २०१७ पासून दररोज देण्यात येऊ लागली. सर्पदंशात दंशाच्या वर आवळून दोरी बांधणे, जखमेवर चीर देणे हे प्रकार एके काळी प्रथमोपचार म्हणून शिकविले जात. आज ते निषिद्ध मानले जातात. पंचवीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेला वैद्य केवळ त्या वेळच्या ज्ञानावर विसंबून राहिला, तर त्याचा अनुभव वाढत जाईल. परंतु त्याबरोबर त्याच्या चुकाही दृढ होत जातील.

विशेषज्ञाच्या तुलनेत ग्रामीण भागातील वैद्याची गरज अधिक निकडीची असते. मोठ्या रुग्णालयातील वैद्य दररोज सहकाऱ्यांच्या सहवासात नकळत शिकत असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यापुढे मात्र तान्ह्या बालकाचा न्यूमोनिया, अडलेली प्रसूती, विषबाधा, मधुमेह व मनोविकार हे सर्व एकाच दिवशी येऊ शकतात आणि शंका विचारण्यास जवळ कोणी असतेच असे नाही. सपाट प्रदेशात सु. ३०,००० व डोंगराळ किंवा आदिवासी भागात सु. २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा संकेत आहे.

बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे लातूर रोड–परळी वैजनाथ लोहमार्गावरील गाव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. या तालुक्याच्या मुख्य ठिकाणीच १९७४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. ग्रामीण भागाच्या आरोग्याचा विचार डोळ्यांपुढे ठेवून काढलेल्या देशातील आरंभीच्या महाविद्यालयांत त्याची गणना होते. म्हणजे येथे गाव आणि विद्यापीठीय शिक्षण यांतील अंतर मैलांत मोजल्यास थोडे आहे. तथापि महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, जिल्हा व ग्रामीण रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे अशी व्यवस्था आहे. खाजगी वैद्य तर या तिन्हींच्या बाहेर असतो. रुग्ण या सर्वांकडे आळीपाळीने जातो. त्याच्याविषयीचे ज्ञान मात्र एका विभागातून दुसऱ्या विभागात तितक्या सहजपणे जात नाही.

इतिहास : वैद्याचे अध्ययन कधीच संपत नाही, ही कल्पना भारतात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘तद्विद्यसंभाषा’ म्हणजे त्याच विद्येच्या जाणकाराशी केलेली चर्चा हे ज्ञानवृद्धीचे साधन सांगितले असून तिचे संधायसंभाषा (मैत्रीपूर्ण चर्चा) व विगृह्यसंभाषा (वादात्मक चर्चा) असे दोन प्रकार केले आहेत.

आधुनिक काळात अमेरिकेतील सामान्य वैद्यकव्यावसायिकांच्या अकादमीने १९४७ मध्ये स्थापनेबरोबरच सभासदत्व टिकविण्यासाठी तीन वर्षांत १५० तासांच्या अभ्यासाची अट घातली. व्यवसायाच्या परवान्याशी अशी अट जोडणारे पहिले अमेरिकन राज्य न्यू मेक्सिको (१९७१) होय. ब्रिटनमध्ये २०१२ च्या अखेरीपासून वैद्याच्या पात्रतेची ठराविक मुदतीने पुनर्तपासणी सुरू झाली.

भारतात भोर समितीने (१९४६) प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडताना सामान्य वैद्यांसाठी उजळणीवर्गांचाही पुरस्कार केला. भारतीय वैद्यक संघटनेने (स्थापना १९२८) १९६३ मध्ये सामान्य वैद्यकव्यावसायिकांसाठी स्वतंत्र महाविद्यालय सुरू केले. श्रीवास्तव समितीच्या अहवालानंतर (१९७५) वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेची योजना १९७७ मध्ये आली. तीनुसार प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयास तीन विकासगट जोडून द्यावयाचे होते. महाविद्यालयाने खेड्यात जावे आणि खेड्यातील वैद्याने महाविद्यालयाशी संबंध राखावा, हा तीमागील हेतू होता. महाराष्ट्रात सेवेतील वैद्यांच्या प्रशिक्षणाचे काम नागपूरची सार्वजनिक आरोग्य संस्था तसेच पुणे, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) इ. ठिकाणची आरोग्य व कुटुंबकल्याण प्रशिक्षण केंद्रे करतात. नासिक येथे १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली.

कायदेशीर स्वरूप : भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांत प्रत्येक वैद्याने पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांत भाग घ्यावा, अशी तरतूद आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषद (१९६५ चा अधिनियम) नोंदणीच्या पंचवार्षिक नूतनीकरणासाठी अशा कार्यक्रमांचे गुणांक विचारात घेते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ मध्ये काढलेले नवे विनियम त्याच महिन्यात स्थगित करण्यात आले. आयुर्वेद व होमिओपॅथी यांच्या व्यावसायिकांच्या नोंदणी परिषदा स्वतंत्र असल्याने, एकाच केंद्रात काम करणाऱ्या दोन वैद्यांस निरंतर शिक्षणाचे निरनिराळे नियम लागू असू शकतात.

या कार्यक्रमांचा खर्च अनेकदा औषधनिर्मात्या कंपन्यांनी उचलल्याने विषयांची निवड रुग्णांच्या गरजेऐवजी विक्रीच्या गरजेनुसार होण्याचा धोका असतो. त्यामुळे २००९ मध्ये विनियमांत दुरुस्ती करून वैद्यांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च व आदरातिथ्य स्वीकारण्यास मनाई करण्यात आली.

पद्धती व परिणाम : केवळ व्याख्यान ऐकल्याने वैद्याच्या वर्तनात किती फरक पडतो, याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये २१५ अभ्यासांचे समीक्षण केले. शैक्षणिक सभांमुळे अपेक्षित उपचारपद्धतीच्या पालनात झालेली वाढ मध्यकाने ७ टक्क्यांहून किंचित कमी आढळली. ही वाढ नगण्य नव्हे. पण सभा भरविली म्हणजे उपचार सुधारला, असे मानण्यास ती पुरेशी नाही. वैद्याच्या स्वतःच्या कामाची नोंद तपासून ती त्याच्यापुढे ठेवणे, हा दुसरा उपाय होय. त्याचाही परिणाम मर्यादित असला, तरी ज्यांचे काम आरंभी मागे होते त्यांच्यात तो अधिक दिसतो.

रुग्णाच्या प्रश्नापासून सुरू होणारी पद्धत अधिक आश्वासक आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठातील संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये यकृतशोथ-सी या रोगासाठी अशी योजना आखली. दूरच्या गावांतील वैद्य दूरदृश्य यंत्रणेद्वारे ठराविक वेळी आपापले रुग्ण मांडत व विशेषज्ञांसह त्यांवर चर्चा करीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७·५ टक्के, तर या वैद्यांच्या हाताखाली ५८·२ टक्के रुग्ण विषाणुमुक्त झालेले आढळले. रुग्णास शहरात न नेता ज्ञान गावात नेता येते, हे यावरून स्पष्ट झाले. भारतात २०२० मधील कोविड साथीच्या काळात दूरस्थ प्रशिक्षण सार्वत्रिक झाले.

बीड जिल्ह्यास लागून असलेल्या जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात निरक्षर ग्रामीण स्त्रियांनाही आरोग्यसेविका म्हणून शिक्षण देण्यात आले. ते एकदाच न देता वारंवारच्या बैठकींतून चालू ठेवण्यात आले. सेविका गावातील अडचणी सांगत आणि पुढील पाठ त्यांतूनच ठरे.

ज्ञानाचा प्रवाह नेहमी महाविद्यालयाकडून खेड्याकडेच वाहतो असे नाही. जालना जिल्ह्यातील देहेड येथे जन्मलेले हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू हृदयाच्या दौर्बल्यामुळे व फुप्फुसांत पाणी साठल्यामुळे होतात, असे त्यांनी बारकाईने टिपले आणि रक्तदाबावरील प्राझोसीन हे स्वस्त औषध त्यावर गुणकारी असल्याचे दाखविले. त्यांचे निष्कर्ष १९८२ व १९८६ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर रुग्णांत सु. ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने फारच घटले. मात्र नियतकालिकातील निष्कर्ष गावोगावच्या वैद्याच्या हाती पोहोचेपर्यंतच्या काळात उपचार ज्ञात असूनही रुग्ण दगावू शकतो. हा काळ कमी करणे, हेच निरंतर शिक्षणाचे मुख्य प्रयोजन होय.

मर्यादा व समस्या : शिकविलेले आचरता येण्यासाठी साधने लागतात. विषारी सर्पाच्या दंशात रक्त गोठण्याची क्रिया बिघडली आहे काय, हे पाहण्यासाठी रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलविता ठेवतात. ही चाचणी कोणीही सहज शिकू शकेल. परंतु नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निष्कर्ष चुकतो. प्रशिक्षण घेऊन परतलेल्या वैद्यास काचेची नळी व प्रतिविष दोन्ही मिळाली नाहीत, तर त्याचे प्रशिक्षण कागदावरच राहते.

दुसरी अडचण रुग्णाच्या जीवनक्रमातून उद्‌भवते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक येथील साखर कारखान्यांकडे जातात व उन्हाळ्यात परततात. क्षय किंवा उच्च रक्तदाब यांचा उपचार अखंड चालू ठेवण्यासाठी दोन ठिकाणच्या वैद्यांत समन्वय लागतो आणि पाठ्यपुस्तकात तो सहसा शिकविला जात नाही. याच कामगार स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे मोठे प्रमाण उघडकीस आल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली. अनावश्यक गर्भाशयोच्छेदन टाळण्यासाठी २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. श्वेतप्रदर किंवा अनियमित रक्तस्राव यांवर औषधोपचार केव्हा पुरेसा असतो, हे वैद्यास माहीत असणे आवश्यक आहे. परंतु आर्थिक लाभ, मजुरी बुडण्याची भीती व देखरेखीचा अभाव यांमुळे होणारा अपाय केवळ शिक्षणाने थांबत नाही.

तासांची व गुणांकांची मोजणी करणे सोपे असल्याने निरंतर शिक्षण पुष्कळदा उपस्थितीच्या प्रमाणपत्रावर येऊन थांबते. त्याची खरी कसोटी सभागृहात नसून दवाखान्यात आहे. अंबाजोगाईच्या महाविद्यालयात आज जे ज्ञात आहे, ते घाटनांदूरच्या रुग्णाला किती लवकर उपयोगी पडते आणि घाटनांदूरच्या वैद्याने पाहिलेले महाविद्यालयास किती लवकर कळते, यावर त्याचे यश अवलंबून राहते.