गाळाचे दप्तर

बेळ्ळंदूरच्या काठी राहणाऱ्या आम्हा मंडळींना या तलावाची खरी ओळख पटली ती आधी त्याच्या फेसाने आणि मग त्याच्या आगीने. बेंगळुरूतील सर्वांत मोठा, सुमारे ९०० एकरांचा हा जलाशय फेब्रुवारी २०१७ मध्ये पेटला, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आणि तरीही जानेवारी २०१८ मध्ये तो पुन्हा असा भडकला की आग आटोक्यात आणण्यासाठी लष्कराच्या हजारो जवानांना पाचारण करावे लागले. पाणी पेटलेले ज्याने पाहिले त्याची नजर पृष्ठभागावर खिळून राहावी हे स्वाभाविकच. परंतु दुखण्याचे मूळ तळाशी होते.

पुढे पाणी वळवून गाळ उपसण्याचे काम सुरू झाले, त्या दिवसांत मी काठावरून उतरून एक ढेकूळ हातात घेतले. वरून ते राखाडी व भेगाळलेले. मोडले तो आतून काजळासारखे काळे, ओलसर, कुजक्या अंड्यांच्या दर्पाने भरलेले. तो काळेपणा लोहाच्या गंधकसंयुगांचा, आणि हवा लागताच तो ओसरू लागतो. दुसऱ्या दिवशी तेच ढेकूळ तपकिरी दिसले. धुण्याच्या पावडरीतील फॉस्फरस व फेनकारक द्रव्ये, जड धातू, मैलापाणी, असे जे जे शहराने कोरमंगल–चल्लघट्ट खोऱ्यातून वर्षानुवर्षे खाली लोटले, त्यातील पुष्कळसे सूक्ष्म कणांना चिकटून येथे बसले होते. पावसाने तळ ढवळला की त्यातला काही अंश पुन्हा पाण्यात उतरे, आणि येमलूरच्या बाजूला पाणी खाली कोसळताच फेसाचे डोंगर उसळत.

तळाची हीच रीत, कितीतरी भयंकर द्रव्यांच्या बाबतीत, उत्तर ध्रुवाकडे वाहणाऱ्या नद्यांत दिसते. प्लुटोनियम निर्माण करण्याच्या घाईत सोविएत संघाच्या मायाक कारखान्याने १९४९ ते १९५६ या काळात सुमारे ७.६ कोटी घनमीटर किरणोत्सारी सांडपाणी, २७.५ लाख क्युरींच्या किरणोत्सारासह, तेचा नावाच्या लहानशा नदीत सोडले, आणि काठच्या खेड्यांतील माणसे, कोणी काही न सांगितल्यामुळे, तेच पाणी पीत राहिली. तेचा इसेतला मिळते, इसेत तोबोलला, तोबोल इर्तिशला, इर्तिश ओबला, आणि ओब कारा समुद्राला. मात्र सगळे विष समुद्रापर्यंत पोहोचले नाही. सीझियम-१३७ चिकणमातीच्या पापुद्र्यांत शिरून घट्ट अडकून बसते, म्हणून त्याचा मोठा हिस्सा वरच्या दलदलींतच राहिला. स्ट्रॉन्शियम-९० हे कॅल्शियमच्या जातीचे, ते पाण्यासोबत दूरवर गेले. ओबच्या मुखाजवळील गाळातले सीझियम बव्हंशी वातावरणातील अणुस्फोटांच्या धुळीचे आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे, म्हणजे पाऊण शतक लोटले तरी त्याचा सहावा हिस्सा अजून शिल्लक राहतो.

नदी समुद्राला भेटते तेथे खाऱ्या पाण्याने मातीचे कण साकळतात व तळाशी बसतात. विषाचा साठा होतो तो बहुधा अशा ठिकाणी. ध्रुवीय समुद्रात त्यात आणखी एक वाटेकरी आहे, बर्फ: उथळ किनाऱ्यावर पाणी गोठताना तळाचा गाळ त्यात अडकतो, आणि तो बर्फ प्रवाहाबरोबर शेकडो कोस जाऊन वितळतो. आपल्या मुलखातही हा विषय परका नाही. ट्रॉम्बेलगतच्या खाडीच्या गाळातील सीझियम भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनीच मोजले आहे. असे मोजमाप सातत्याने व्हावे आणि त्याचे आकडे काठच्या लोकांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचावेत, असे मला मनापासून वाटते.

बेळ्ळंदूरचा गाळ किरणोत्सारी आहे असे मी म्हणत नाही. पण तो कोठे नेला, कोणाच्या शेतात पडला, आणि त्यापूर्वी तपासला गेला की नाही, हे प्रश्न त्याच जातीचे आहेत. उपशाच्या दिवसांत गाळाने भरलेले टिप्पर आमच्या रस्त्याने जात, त्यांतून काळे थेंब सांडत, आणि रात्री पाऊस झाला की ते धुऊन गटारात उतरत. ते गटार तलावाकडेच वाहते.