डिझेलच्या वाटेवरची कागदी चौकी

गेल्या आषाढात पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या अलीकडे एका गॅरेजच्या पत्र्याखाली पाऊस उघडण्याची वाट पाहत उभा असताना, टोमॅटोचे क्रेट काठोकाठ भरलेली एक पिकअप धापा टाकीत आत आली, आणि पुढचा पाऊण तास पावसाचा मला विसर पडला. गाडी सपाटीला बरी चालत होती. परंतु चढ लागला, की दम तोडीत होती. आता पंप उतरवावा लागणार, अशी धास्ती चालकाने बोलून दाखविली. वयस्क मिस्त्रींनी बॉनेट उघडले, आत नजर टाकली आणि एवढेच विचारले, "डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदललास?" चालकाला ते आठवेना.

या प्रश्नाचे मर्म इंजिनाच्या घडणीत आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्यात ठिणगीचे काम नव्हते. हवाच इतकी दाबावयाची, की तिच्या उष्णतेने इंधन आपोआप पेट घ्यावे, हे त्याचे तत्त्व. आरंभी इंधन आत ढकलण्यासाठीही दाबलेली हवाच वापरीत आणि तिच्यासाठी अवजड सरंजाम लागे. 1927 साली बॉश कंपनीने इंधन-पंपाचे उत्पादन सुरू केल्यावर हे इंजिन मालमोटारींत खऱ्या अर्थाने रुळले. आज कॉमन रेल, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून इंधन देण्याच्या, पद्धतीच्या पिकअपमध्ये डिझेलवर दीड हजारांहून अधिक बार दाब असतो, म्हणजे नखाएवढ्या एक चौरस सेंटिमीटर जागेवर दीड टनाहून अधिक भार. इतका दाब गळू न देता पेलावयाचा, तर इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमधील सुई आणि तिची खोबण यांत केवळ दोन-चार मायक्रॉनचीच फट ठेवावी लागते. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही तेथे कानशीप्रमाणे का घासतो, हे उमगते. शिवाय त्या सुईला वेगळे वंगण नाही. वाहते डिझेल हेच तिचे वंगण.

या कणांचा बंदोबस्त करणारी चौकी कागदाची आहे. राळेत भिजवून टणक केलेला, पंख्यासारख्या घड्या घालून डब्यात बसविलेला हा कागद चाळणीसारखे काम करतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती अर्धीच खरी. कागदातील अनेक छिद्रे अडविलेल्या कणांहून मोठी असतात. डिझेल तंतूंच्या जंगलातून वळणे घेत जाते, जड कणांना ती वळणे साधत नाहीत, ते तंतूंवर आदळतात व तेथेच चिकटतात. आणि अडकलेला प्रत्येक कण पुढच्या कणाची वाट अधिक अरुंद करतो. म्हणजे जुना फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो! त्याचा दोष गाळण्यात नसून वाट अडविण्यात आहे. सपाटीवर लागणारे थोडके डिझेल त्यातून झिरपते. चढावर इंजिन अधिक मागू लागले, की पुरवठा तोकडा पडतो. त्या पिकअपच्या धापांचे मर्म हेच होते.

मिस्त्रींनी फिल्टरच्या तळाची कळ सैल करून निघालेला द्रव काचेच्या बाटलीत धरला. तो क्षणभर गढूळ दिसला. मग पाहता पाहता वर मधाच्या रंगाचे डिझेल आणि खाली दोन बोटे पाणी अशी वाटणी झाली, व दोहोंच्या सीमेवर एक काळपट, बुळबुळीत साय तरंगू लागली. "रात्री अर्ध्या टाकीवर उभी करतोस ना?" मिस्त्रींनी विचारले. चालकाने मान डोलावली. टाकीतील मोकळ्या जागेत दमट हवा शिरते, रात्री टाकीच्या थंड पत्र्यावर तिचे दव होते आणि डिझेलपेक्षा जड असलेले ते पाणी तळाशी साचते. काळपट साय बहुधा जिवंत होती. पाण्यात राहून डिझेलवर पोसणारी कवके असतात, आणि हॉर्मोकोनिस रेझिनी हे त्यांतील प्रसिद्ध नाव. ज्या द्रवावर इंजिन चालते त्याच द्रवावर एक बुरशी जगते, याचे मला आजही नवल वाटते. पाणी मात्र इंजेक्टरचा उघड शत्रू आहे. त्याला वंगणाचा गुण नाही, ते पोलाद गंजविते आणि तप्त टोकाशी त्याची एकाएकी वाफ होते. म्हणूनच कागदावर पाणी झिडकारणारा लेप देतात, आणि तळाशी दोन विद्युत्-अग्रे ठेवतात. डिझेलमधून वीज वाहत नाही, पाण्यातून वाहते, एवढ्या भेदावर चालकासमोरचा दिवा लागतो.

बदलण्याची कृती लहान आहे. तीत स्वच्छता तेवढी मोठी. इंजिन बंद करून थंड होऊ दिल्यावर मिस्त्रींनी आधी भोवतालचा चिखल पुसला, तारेची पिन काढली, नळ्या सोडविल्या, नव्या रबरी वॉशरला स्वच्छ डिझेलचे बोट लावले आणि फिल्टर हाताने आवळला. नवा फिल्टर डब्यातील डिझेलने भरून चढविण्याचा मोह त्यांनी टाळला, आणि ते योग्यच. मधल्या छिद्रातून ओतलेले डिझेल कागदाच्या पलीकडे, शुद्ध बाजूस पडते व न गाळताच पंपाकडे जाते. मग एअर काढण्यासाठी ते हातपंप दाबू लागले. हवा दबते, डिझेल जवळजवळ दबत नाही. म्हणून हवा असेतोवर पंप मऊ लागतो आणि ती निघून गेली, की हाताला कठीण लागतो. जुन्या गाड्यांत नोझलचा नट सैल करून एअर काढण्याचा दस्तूर होता. कॉमन रेलच्या गाडीत तो सर्वथा वर्ज्य मानावा. चालू इंजिनात सैल नटातून उडणारी डिझेलची बारीक धार कातडी भेदून मांसात शिरते आणि तातडीच्या शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही.

पंप उतरवावा लागला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या चावीला इंजिन लागले आणि पिकअप टोमॅटो घेऊन रस्त्याला लागली. ज्यांच्या दारात अशी गाडी आहे, त्यांना माझी विनंती आहे, की फिल्टर बदलल्याची तारीख आणि किलोमीटर गाडीच्या पुस्तिकेत लिहून ठेवा, पावसाळ्यात रात्री टाकी शक्यतो भरलेली ठेवा, पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी तळाची कळ सोडा, आणि निघालेले डिझेलमिश्रित पाणी गटारात न ओतता गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपात जमा करा.