मागं पडलं म्हणून गोल राहिलं

जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात, एल्बे नदीच्या डाव्या तीरावर व्हेंडलांट नावाचा मुलूख आहे. तिथल्या साटेमीनसारख्या गावात घरं कडं करून उभी असतात. सगळ्यांची तोंडं मधल्या पटांगणाकडे, मागे पाचरीसारखी रुंदावत गेलेली परसं, आणि पूर्वी आत शिरायला वाट एकच. अशा गावाला रुंडलिंग म्हणतात. घर म्हणजे लाकडी चौकटींच्या भिंतींवरचं प्रचंड छप्पर. दर्शनी बाजूच्या मोठ्या दारातून भरलेली गाडी थेट आत जाई, दोन्ही अंगांना गुरं, पलीकडच्या टोकाला माणसं. दारावरच्या तुळईवर घर बांधणाऱ्या नवराबायकोची नावं, साल आणि एखादं धर्मवचन कोरलेलं असतं.

हे सारं कसं टिकलं, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे परंपरेवरचं प्रेम. इथले जुने रहिवासी व्हेंड, म्हणजे स्लाव. गोल गाव हा त्यांच्या एकोप्याचा ठसा, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. शत्रूपासून बचावासाठी कडं केलं, हेही सांगितलं गेलं. पण गवताने शाकारलेली घरं एका ठिणगीत पेटतात, तो कसला किल्ला! भूगोलतज्ज्ञ वोल्फगांग मायबायर यांच्या मांडणीनुसार ही १२व्या शतकातली आखीव वसाहत आहे. जर्मन सरदारांच्या अमलाखाली स्लाव शेतकरी इथे वसवले गेले. मला हे पटतं. कोरडी शेतं आणि ओलसर कुरणं यांच्या सीमेवर गाव बसवायचं तर मधे गुरांसाठी मोकळी जागा आणि भोवती वाटून दिलेली परसं ही सोयीचीच रचना. आणि परंपरेचं प्रेमच राखणदार असतं, तर त्याने आधी भाषा राखली असती. ती १८व्या शतकातच विझली. झ्यूटेनचा शेतकरी योहान पारुम शुल्त्से याने १७२५च्या सुमारास आपल्या बखरीत लिहून ठेवलं की तो आणि गावातले आणखी तिघे गेले, की कुत्र्याला व्हेंडी भाषेत काय म्हणतात हेही कुणाला नीट सांगता येणार नाही. गोल गावात बसूनच त्याने हे लिहिलं.

माझ्या मते गावं राखली ती गरिबीने. जवसाच्या धाग्याचं लिनन विकून इथे पैसा आला, मोठी घरं उठली. मग गिरणीच्या स्वस्त सुती कापडाने तो धंदा बसवला. घरं पाडून नवी बांधण्याची ऐपत राहिली नाही. १९४५नंतर तर हा मुलूख तीन बाजूंनी पूर्व जर्मनीच्या सीमेने वेढला गेला. कारखाने फारसे आले नाहीत. यावर आक्षेप येईल: साटेमीन १८५०च्या आगीत जळालं, तरी लोकांनी ते पुन्हा गोलच बांधलं, ही आवड नव्हे तर काय? आवड नसेलच असं नाही. पण घर जळतं, परसाची हद्द जळत नाही. पाचरीच्या तुकड्यावर घर बांधायचं तर त्याचं तोंड पटांगणाकडेच येणार. उलट, जिथे हाती पैसा आणि डोक्यावर हुकूम होता, तिथे आगीनंतर पुष्कळ गावं मोकळी, सरळ झाली.

हाच आडबाजूपणा नंतर गावांवर उलटला. १९७७मध्ये सरकारने अणुकचऱ्यासाठी जवळचं गोरलेबेन निवडलं. १९७९मध्ये याविरोधात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हानोफरपर्यंत गेले. अनेक दशकांच्या भांडणानंतर, २०२०मध्ये, अणुकचरा कायमचा पुरण्याच्या जागांच्या यादीतून गोरलेबेन वगळलं गेलं. दरम्यान हॅम्बुर्ग-बर्लिनचे कलाकार इथे येऊन स्थायिक झाले. साटेमीन आता कागदोपत्री ल्युखो शहराचा एक भाग आहे, आणि या मुलखातल्या कित्येक घरांत गाडी आत जाण्याच्या दारात आता काच आहे. वर तुळईवर तीच दोन नावं.