ताजा बांगडा, ताजी सुरमई, ताजं पापलेट

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. धाकट्या दिरांची मुलगी आमच्याकडे वालावलला महिनाभर राहायला आली होती. मुंबईची, इंग्रजी माध्यमातली, आठवीत गेलेली. आल्या आल्या मोठ्या उत्साहाने तिने अंगणातूनच विचारलं, "माझा आजी कुठे आहे?" झालं! घरातली सगळी पोरं फिदीफिदी हसली. आम्ही मोठी माणसंही हसलो, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी लक्ष्मीनारायणाच्या देवळात गेलो, तर तिथे तळ्याकाठीही पोरांनी तिची नक्कल चालवलेली. दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेब हिंदी-इंग्रजीवर गेल्या. आमच्या सासूबाईंना तर दोन्ही येत नाहीत. नातीसाठी आमसुलं आणि आंब्याची साठं राखून ठेवणारी आजी आणि तिची नात समोरासमोर बसून मुक्या!

त्यात आणखी एक घोटाळा झाला. सासूबाई मालवणी बोलतात. "चेडू खय गेलां?" असं त्यांनी विचारलं की पोरीचा चेहरा उतरायचा. एका रात्री अंथरुणं घालताना मला हळूच म्हणते, "काकी, आजीला मी मुलगा वाटते का? ती मला 'गेला' म्हणते." मला हसावं की रडावं कळेना. अगं बाय, मालवणीत झील गेलो, बायल गेली आणि चेडू गेलां! चेडू म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी. शेवटी नाकातून जो उच्चार येतो ना, तो नपुंसकलिंगाचा. त्यात कमीपणा काही नाही. आपणही लाडाने 'आमचं पोरगं' म्हणतोच की. जर्मन भाषेतसुद्धा मुलीसाठी जो नेहमीचा शब्द आहे तो नपुंसकलिंगीच आहे.

तिची समजूत पटली, पण तोंड काही उघडेना. वाट सापडली ती तिच्याच दप्तरात. शाळेत तिला स्पॅनिश आहे. सुट्टीचा अभ्यास म्हणून वहीत तिने तक्ता काढला होता. पुस्तक म्हणजे लिब्रो, घर म्हणजे कासा. पांढरं पुस्तक 'लिब्रो ब्लांको', पांढरं घर 'कासा ब्लांका'. अनेकवचनात 'लिब्रोस ब्लांकोस', 'कासास ब्लांकास'. सगळं बिनचूक! मी म्हटलं, "अगं, हे तर आपलंच. नामाचं लिंग आणि वचन बघून विशेषणाने बदलायचं. त्यांची दोन लिंगं, आपली तीन, एवढंच."

मग वही बाजूला ठेवून आम्ही स्वयंपाकघरात गेलो. नारळ फोडला. मोठा नारळ, मोठी करवंटी, पांढरं खोबरं. एका नारळात तिन्ही लिंगं निघाली! दारात मासेवाली आली तेव्हा ताजा बांगडा, ताजी सुरमई, ताजं पापलेट. अनेकवचन करायचं तर ताजे बांगडे, ताज्या सुरमया, ताजी पापलेटं. इथे ती अडखळली. 'ताजी' एका सुरमईलाही आणि चार पापलेटांनाही? हो, तसंच आहे. पुढे प्रत्यय लागला की मात्र सुटका होते: मोठ्या नारळाचं, मोठ्या करवंटीत, मोठ्या घरात. लिंग कुठलंही असो, 'मोठ्या'च. हे ऐकून पोरगी इतकी खूश झाली की दिवसभर प्रत्येक वाक्याला प्रत्यय लावत सुटली.

दुसरी सुटका चवींची. गोड, आंबट, तिखट, कडू, खारट, तुरट! यातली एकही चव बदलत नाही. आंबट आंबा, आंबट कैरी, आंबट करवंद. साधारणपणे शेवटी 'आ' असलेलं विशेषण बदलतं, बाकीचं नाही. म्हणून साडी तांबडी असते, पण लालची 'लाली' होत नाही. स्पॅनिशमध्ये हिरव्याला 'वेर्दे' म्हणतात, तो लिंगाने बदलत नाही, पण अनेकवचनात 'वेर्देस' होतो. आपला लाल तेवढंही करत नाही. अपवाद आहेतच. गणपतीत एस.टी.ची 'जादा गाडी' सुटते, 'जादी गाडी' कुणी म्हणत नाही.

पण मुळात नारळ पुल्लिंगी का? दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, तेव्हापासून पोरं लिंगं पाठ करताहेत, पण याला पक्का नियम नाही. पोर्तुगीज 'बताता' स्त्रीलिंगी, आपल्याकडे आल्यावर तिचा बटाटा झाला आणि तो पुल्लिंगी. म्हणून शब्द सुटा शिकवायचाच नाही, विशेषणासकट शिकवायचा. 'चप्पल' नाही, 'नवी चप्पल'. मूल "माझा चप्पल" म्हणालं तर हसू नका, की "चूक!" म्हणून ओरडू नका. "हो गं, तुझी चप्पल पायरीवर आहे," एवढंच उत्तर द्या. शिकवणीला येणाऱ्या मुलांशीही मी आता हेच करते. आधी लाल पेन घेऊन बसायची.

एक प्रश्न मात्र तिने असा विचारला की मी गप्पच झाले. "काकी, माझे बाबा चांगले आहेत, मग माझी आई चांगली का? तिला अनेकवचन का नाही?" शाळेतल्या बाईंना 'आमच्या बाई' म्हणतो, आईला नाही. जवळिकीमुळे, असं मी सांगितलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही अर्धंच पटलं.

जायच्या आदल्या दिवशी मासेवाली आली तेव्हा मी आत भाकऱ्या थापत होते. बाहेरून आवाज आला, "आजी, सुरमई ताजी आहे. पण बांगडे नको, मऊ झालेत." पाठोपाठ सासूबाई मासेवालीला कौतुकाने म्हणाल्या, "माझां चेडू शाणां झालां मगो!"

ती तशीच धावत आत आली. "काकी, ऐकलंस? नपुंसकलिंग!"