भरवशाचा कॅमेरा कोणता?

कोल्हापूरला कॅमेऱ्याचे अप्रूप फार जुने आहे. परदेशी यंत्राची वाट न पाहता स्वतःच कॅमेरा घडविण्याचा ध्यास येथील आनंदराव पेंटर यांनी घेतला. १९१६ साली ते अकाली गेले. त्यांचे अपुरे राहिलेले काम बंधू बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास तडीस नेले. याच स्वदेशी कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली तिचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्या यंत्राला विजेची गरज नव्हती. ज्या हातांनी ते घडविले, तेच हात ते दुरुस्तही करू शकत होते.

परंतु हाताच्या गतीला मर्यादा होती. बोलपटात ध्वनी आणि चित्र यांचा मेळ राखण्यासाठी सेकंदाला २४ चित्रांची काटेकोर गती आवश्यक ठरली. कोल्हापुरातच तयार झालेला ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली बोलू लागला, तेव्हा दांडा फिरविणाऱ्या हाताची जागा विजेच्या मोटारीने घेतली होती. अचूकता हवी असेल तर परावलंबनाची किंमत मोजावी लागते, हा धडा तेव्हाचाच.

छायाचित्रणात हाच पेच पुढे नव्याने उभा राहिला. १९७६ साली दोन प्रसिद्ध कॅमेरे बाजारात आले. पेंटॅक्स के-१००० हा संपूर्ण यांत्रिक होता. त्याची बॅटरी केवळ प्रकाशमापकापुरती. ती संपली तरी छायाचित्रण थांबत नसे. कॅनन एई-१ मध्ये मात्र सूक्ष्म संगणक होता आणि बॅटरी संपली की त्याचा पडदा उघडतच नसे.

एवढ्यावरून यांत्रिक कॅमेऱ्याला झुकते माप देणे न्यायाचे होणार नाही. वर्षानुवर्षांच्या वापराने त्यातील तेल घट्ट होते, स्प्रिंगा शिथिल पडतात आणि तबकडीवर १/१००० सेकंद दिसत असताना पडदा प्रत्यक्षात अधिक काळ उघडा राहतो. ही चूक फिल्म धुतल्यावरच उमगते. इलेक्ट्रॉनिक कॅमेरा वेळेच्या बाबतीत सहसा अधिक काटेकोर असतो. मात्र त्याचा अंत बहुधा एकाएकी होतो. पावसाळी दमट हवेने विजेचे जोड गंजतात, आणि मंडल एकदा निकामी झाले की त्याचा सुटा भाग आता कोणी बनवीत नाही. भिंगावर चढणारी बुरशी तर दोघांनाही सोडत नाही.

तात्पर्य, ‘भरवसा’ या एका शब्दात दोन निरनिराळे गुण दडलेले आहेत: एक न बिघडण्याचा आणि दुसरा बिघडल्यावर सुधारण्याचा. पहिल्या गुणात इलेक्ट्रॉनिक कॅमेरा कमी ठरत नाही. दुसऱ्यात मात्र यांत्रिक कॅमेराच सरस आहे. झिजलेले दातेरी चाक उद्यमनगरातील एखादा कुशल कारागीर लेथवर पुन्हा घडवू शकेल. जळालेली चिप त्याच्या हातून घडणार नाही.

तथापि हा सरसपणाही कारागिराच्या अस्तित्वावरच अवलंबून आहे. घड्याळे आणि कॅमेरे उघडून पुन्हा जुळविणारे हात शिष्य न मिळताच थकले, तर यांत्रिक कॅमेराही शोभेची वस्तूच होऊन राहील. पेंटर बंधूंच्या नगरीने कॅमेऱ्याचे स्मरण जरूर जपावे. परंतु ते दुरुस्त करण्याची विद्या एखाद्या तंत्रशाळेतून पुढच्या पिढीच्या हाती देणे, हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल.