दमसास विकत मिळत नाही

जागच्या जागी फिरणाऱ्या चाकावर घाम गाळण्यासाठी माणसे पैसे मोजतात, हे प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटते. तथापि या व्यायामामागे एक निश्चित विचार आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले सायकलपटू जॉनी गोल्डबर्ग यांनी लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या सरावातून ही पद्धत सिद्ध केली आणि १९८९ साली अमेरिकेतील सांता मोनिका येथे ‘स्पिनिंग’चे केंद्र काढले. आता मुंबई-पुण्याच्या व्यायामशाळांतही असे सामुदायिक वर्ग भरतात.

या वर्गांचे मर्म यंत्रापेक्षा व्यवस्थेत अधिक आहे. रस्त्यावर सायकलस्वारांचा गट निघाला, की दुर्बळ मागे पडतो. येथे प्रत्येकाच्या चाकावरील दाब स्वतंत्रपणे कमी-अधिक करता येत असल्याने पन्नाशीचा कारकून आणि विशीचा विद्यार्थी एकाच लयीत, परंतु आपापल्या कुवतीनुसार, पाय मारू शकतात. मूळ पद्धतीत दमसासासाठी हृदयाची गती कमाल गतीच्या सुमारे ६५ ते ७५ टक्क्यांवर दीर्घकाळ स्थिर राखावयाची असते. अशा संयमित श्रमाने, आठवडे आणि महिने लोटल्यावर, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते आणि स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. दमसास पोस्टातील आवर्ती ठेवीसारखा असतो. तो एकाच हप्त्यात साठवता येत नाही.

नेमके हेच बाजाराला गैरसोयीचे असते. पैसे मोजलेल्या ग्राहकाला आजच्या आज मोबदला हवा असतो. साहजिकच संगीताच्या तालावर प्रत्येक तास शर्यतीचा होऊ पाहतो. नवख्याने पहिल्याच दिवशी अतिरेक केल्याने मांडीच्या स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंडांना इजा पोहोचल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. दुसरा धोका खिशाचा. स्टेफानो डेलाविन्या व उलरिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन व्यायामकेंद्रांचे हिशेब तपासून २००६ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरांहून अधिक वर्गणी भरणारे सभासद सरासरी पाच वेळाही येत नव्हते. त्यांना प्रत्येक खेप १७ डॉलरांहून महाग पडत होती. दहा खेपांचे तिकीट घेतले असते, तर तीच खेप १० डॉलरांत पडली असती. वर्गणीबरोबर निश्चयही विकत मिळतो, अशी त्यांची समजूत झाली असावी.

मग या वर्गांना नावे ठेवावयाची काय? मुळीच नाही. त्यांतून घ्यावयाचे ते ठरलेली वेळ, सोबती आणि आखलेला क्रम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. ज्याला वर्गणी परवडते त्याने वर्गात अवश्य जावे; मात्र आरंभी थोड्याच खेपांचे पैसे भरावेत. ज्याला परवडत नाही त्याने कचेरीतील चार सहकाऱ्यांसह साध्या सायकलीवर तीच शिस्त पाळावी. वेग सर्वांना बोलता येईल इतकाच असावा आणि ठरलेला वार चुकू नये. सोबती दाराशी येऊन उभा राहिला, की आळसाला सबब उरत नाही.